बदकाची पिल्लं आईपाशी असूनही सकाळी गारठलेली सापडतायत? बल्ब लावायच्या आधी हे बघा

प्रॉब्लेम बहुतेकांचा एकच असतो. बदकीण बाहेर खुराड्यात किंवा शेडच्या कोपऱ्यात खुडूक बसली, अंडी नीट उबवली, पिल्लं निघाली, पहिला दिवस मस्त गेला, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून सकाळी एखादं पिल्लू गार पडलेलं, मान टाकलेलं. ते उचलून घरात आणावं तर पुढच्या दिवशी अजून एक. आई तिथेच बसलीय, बाकीची पिल्लं टुणटुणीत आहेत, आणि मग वाटतं थंडी फार पडलीय, बल्ब लावूया. बल्ब लागतो, आणि तरी सकाळी एक गेलेलंच असतं.

माझं सरळ मत सांगते, आई मनापासून बसत असेल तर नुसत्या हवेच्या गारठ्याने पिल्लं फार क्वचित जातात. जातात ती ओली होऊन, जमिनीच्या गारव्याने, थेट अंगावर येणाऱ्या वाऱ्याने, नाहीतर सगळ्यात जास्त वेळा आईच्या पोटाखाली पोचताच न आल्याने. यातल्या एकावरही बल्ब हा उपाय नाही, म्हणून बल्ब लावूनही काही फरक पडत नाही.

हे असं का ते आधी थोडक्यात. नुकत्या निघालेल्या पिल्लाला अंगातली उष्णता स्वतः सांभाळता येत नाही, ते हळूहळू येतं. त्याच्या अंगावर पिसं नसतात, फक्त लव असते, आणि ती कोरडी आणि फुललेली असेल तरच तिच्यात हवा अडकून ऊब राहते. ओली झाली की लव अंगाला चिकटते आणि वाळताना ते पाणी अंगातली उष्णता घेऊन जातं, म्हणजे डबल नुकसान. उलट आईच्या पोटाखाली काय असतं बघा, खुडूक बसताना तिने पोटाची पिसं उपटून घरट्यात घातलेली असतात, तिथली उघडी कातडी आधी अंड्यांना आणि आता पिल्लांना थेट लागते, आणि ती अंडी साधारण ३७.५ अंशाला उबवू शकत होती. एवढा चांगला हीटर घरात असताना बाहेर दुसरा शोधायची गरज नसते, त्या हीटरपर्यंत पिल्लू कोरडं पोचतंय का एवढं बघायचं असतं.

आणि ते ३२ अंशाचं जे सगळीकडे वाचायला मिळतं ना, पहिल्या आठवड्यात ३२, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, ते आई नसलेल्या, ब्रूडरमधल्या, म्हणजे कृत्रिम ऊब देऊन पिल्लं वाढवायच्या पेटीतल्या पिल्लांचं आहे. आईबरोबर असलेल्या पिल्लाला आजूबाजूची हवा एवढी गरम लागत नाही, ते बाहेर हुंदडतं, गार वाटलं की आत शिरतं, गरम झालं की परत बाहेर. थर्मामीटर घेऊन खुराड्याची हवा ३२ करत बसलात तर उलट आईच धापा टाकत उठून बाहेर जाईल.

तर आता निदान. पिल्लू गारठलेलं सापडलं की घाईने उचलाल तेव्हा एक सेकंद थांबून ते नेमकं कुठे पडलंय हे डोक्यात ठेवा, कारण बऱ्याचदा कारण तिथेच कळतं. दाराबाहेर सापडलं तर उंबरठा. घरट्याच्या काठाला बाहेरून चिकटून सापडलं तर घरट्याची कड उंच झालीय. पाण्याच्या भांड्यापाशी किंवा लव ओली असेल तर पाणी. आईपासून लांब एखाद्या कोपऱ्यात सापडलं तर जागा फार मोठी आहे किंवा तिकडे उजेड होता. अगदी आईला लागून, पण चपटं झालेलं असेल तर ते थंडीचं नाहीच, ते आईच्या पायाखाली आलंय. आणि पिल्लू गायबच असेल, सापडतच नसेल, तर ऊब वगैरे सोडा, आधी उंदीर-घुशीची भोकं शोधा आणि अर्ध्या इंचाच्या भोकांची मजबूत वेल्डेड जाळी लावा, कोंबड्यांची ती मोठ्या षटकोनी भोकांची जाळी उंदराला अडवत नाही.

उंबरठ्याचं जरा जास्त सांगते कारण हे फार कॉमन आहे आणि लक्षातच येत नाही. मोठ्या बदकाला चार-सहा इंचाची पायरी म्हणजे काहीच नाही, पण दोन दिवसाच्या पिल्लाला ती भिंत आहे. सकाळी आई बाहेर पडते, पिल्लं धडपडत उड्या मारत खाली येतात, खाली यायला त्यांना अडचण नसते. संध्याकाळी आई आत जाते, चपळ पिल्लं कशीबशी चढतात आणि एक-दोन मागे राहतात, बाहेरच चीं चीं करत. आई आतून हाक मारते, ती बाहेरून ओरडतात, मग आतल्यांना सोडून आई काही बाहेर येत नाही, अंधार पडतो, आणि बाहेरचं पिल्लू दमून गप्प होतं. तुम्ही दार लावताना आई आत दिसली म्हणजे सगळी आत आहेत असं धरून चालता. उपाय सोपा, एक रुंद फळी तिरपी लावा, उतार अगदी कमी ठेवा, त्यावर आडव्या बारीक पट्ट्या ठोका किंवा गोणपाट ताणून बसवा म्हणजे पाय घसरत नाही, आणि फळीच्या दोन्ही बाजूंना मोकळी फट नको, नाहीतर पिल्लं फळीखाली जाऊन बसतात आणि तिथून ओरडतात. दार लावताना रोज मोजायचं. आईला थोडं हलवून का होईना पण आकडा जमेपर्यंत दार लावायचं नाही.

घरट्याची कडही तशीच. टोपली, खोका, टायर असल्या कशात आई उबवायला बसली असेल तर पिल्लं निघेपर्यंत ठीक, पण पिल्लं निघाल्यावर एक बाजू कापून जमिनीच्या लेव्हलला आणा. खोल घरट्यातून पिल्लू बाहेर पडतं आणि परत चढू शकत नाही, आई अजून न फुटलेल्या अंड्यांवर बसलेली असते त्यामुळे ती उठत नाही. तुम्हाला वाटतं आई निर्दयी आहे, पण ती बिचारी राहिलेली अंडी सांभाळतेय.

यावरून आठवलं, सगळी अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत आणि त्यात एक नाजूक वेळ असते. पिल्लू निघायच्या आधी अंड्यातला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर ते साधारण एक-दोन दिवस न खाता राहू शकतं, म्हणूनच आई पहिला दिवसभर घरट्यातून हलत नाही आणि तुम्हीही तिला हलवू नका. खायला घालायची घाई करून पिल्लं उचलून बाहेर ठेवायची आणि मग ती गार पडायची हा उपद्व्याप अगदी नको. पण मागाहून टाकलेली अंडी असतील तर आई पहिल्या पिल्लांना घेऊन निघते आणि उशिरा निघालेलं पिल्लू ओलंचिंब मागे राहतं. ते सापडलं तर आत आणून पूर्ण सुकू द्या, लव फुलली की त्याच दिवशी आईखाली सरकवा. पुढच्या वेळी एक ठरलेली तारीख धरून सगळी अंडी एकदमच खाली घाला, रोज नवीन अंडं सरकवत बसू नका, आणि अंड्यांवर पेन्सिलने खूण करा म्हणजे शेजारच्या बदकीने मध्येच येऊन टाकलेलं अंडं ओळखता येतं. दिवस मोजायचे तर बहुतेक जातींना २८ आणि मस्कोव्हीला ३३ ते ३५, हे माहीत नसल्यामुळे मस्कोव्हीची चांगली अंडी तिसाव्या दिवशी फेकून देणारी माणसं आहेत.

आता पाणी, हाही मोठा गुन्हेगार. बदक म्हणजे पाणी, पिल्लाला पोहता येतंच, मग त्याला पाण्यात सोडायला काय हरकत, असं सगळ्यांना वाटतं. पोहता येतं हे खरंय, पण बाहेर येता आलं पाहिजे आणि बाहेर आल्यावर सुकता आलं पाहिजे. आईबरोबरची पिल्लं उबवणी मशीनमध्ये काढलेल्या पिल्लांपेक्षा पाण्यात जास्त टिकतात ती यामुळेच, ओली झाली की आई त्यांना पंखाखाली घेऊन सुकवते. पण उभ्या काठाच्या टबात आई उडी मारून बाहेर येते आणि पिल्लं आत गोल गोल फिरत राहतात, तेव्हा ती काही बुडत नाहीत, ती गारठून मरतात. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांच्या आवाक्यात टब, बादली, खड्डा काहीही उघडं ठेवू नका. पोहायला द्यायचंच असेल तर दुपारी, ऊन असताना, घोट्याएवढ्या पाण्यात आणि बाहेर यायला विटा किंवा दगडांचा उतार करून द्या, आणि उन्हं उतरायच्या आत सगळी सुकलेली हवीत. संध्याकाळी ओली पिल्लं खुराड्यात गेली तर आख्खी रात्र गेली कामातून, कारण ती आत जाऊन पेंढाही ओला करतात आणि एकमेकांनाही.

प्यायचं भांडं मात्र अगदी उथळ करून चालत नाही हे लक्षात ठेवा. बदकाला चोच नाकपुड्यांपर्यंत बुडवता यायला हवी, तो नाक-डोळे त्यातच धुतो. म्हणजे खोल हवं पण आत शिरता येणार नाही असं. अरुंद तोंडाचं भांडं, किंवा ताटलीत गोटे भरून मधल्या जागेत पाणी, गोटे पिल्लू गिळू शकणार नाही एवढे मोठे. हे भांडं जाळीच्या ट्रेवर ठेवा आणि खाली पाणी निथळायला जागा करा, खुराड्यातल्या पेंढ्यावर थेट नको. रात्री मी तर खाणं आणि पाणी दोन्ही बाहेर काढावं या मताची आहे, कारण आईखाली पिल्लं झोपतात, रात्रभर खात नाहीत. पण काढायचं तर दोन्ही काढा, पाण्याशिवाय कोरडं खाद्य ठेवलं तर घशात अडकतं. आणि पहाटे लवकर द्या, दिवस वर येईपर्यंत झोपून राहणाऱ्यांनी हा प्रयोग करू नये, त्यांनी जाळीच्या ट्रेवालं भांडं आतच ठेवावं.

पावसाचं वेगळं सांगायला नको, पण एक गोष्ट, सर अचानक आली तर आई जिथे असेल तिथेच पंख पसरून पिल्लं खाली घेते, खुराड्यापर्यंत जाईलच असं नाही. चिखलात बसली तर वरून कोरडी आणि खालून भिजलेली पिल्लं अशी गंमत होते. म्हणून ती जिथे दिवसभर चरते तिथे एक तिरपा पत्रा किंवा पालथं खोकं, खाली थोडी उंच कोरडी जागा, असं काहीतरी ठेवून द्या, ती स्वतःच वापरायला लागते.

जमिनीकडे लोक अजिबात बघत नाहीत. वरून छप्पर आहे, बाजूला भिंत आहे, पण खाली उघडी माती किंवा कोबा. ओली माती आणि कोबा दोन्ही अंगातली ऊब खेचून घेतात, आणि आईचं पोट वरून ऊब देत असताना खालून ती निघून जात असते. चार-सहा इंच कोरडा पेंढा किंवा लाकडाचा जाड भुसा हवा, अगदी बारीक भुगा नको, पिल्लं तो खातात आणि श्वासातही जातो. वर्तमानपत्र अजिबात नको, गुळगुळीत असतं, पिल्लाचे पाय फाकतात आणि एकदा पाय फाकले की ते पिल्लू चालत आईपर्यंत जाऊ शकत नाही, परत तोच प्रॉब्लेम. पेंढा मुठीत दाबून बघायचा, ओल लागली की वरचा थर काढून नवीन घालायचा, बदकं कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त पातळ हगतात त्यामुळे कोंबड्यांच्या हिशोबाने पेंढा बदलून भागत नाही.

वारा आणि हवा यात गोंधळ करू नका. पिल्लांच्या उंचीला वारा नको, छपराखाली मात्र हवा खेळायला हवी. थंडी म्हणून आख्ख्या खुराड्याला प्लास्टिक गुंडाळणारे बरेच आहेत, मग रात्री आतल्या श्वासाचं आणि शेणाचं पाणी प्लास्टिकला लागतं आणि पहाटे टप टप खाली पडतं, वर अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. तुम्ही खाली वाकून पिल्लांच्या उंचीला नाक नेऊन बघा, तुम्हालाच नको झालं तर त्यांना काय होत असेल. ताडपत्री फक्त वाऱ्याच्या बाजूला, जमिनीपासून दीड-दोन फूट, बास. आणि खुराडं खूप मोठं असेल तर पहिले आठ-दहा दिवस फळ्या लावून एक छोटा कोपरा वेगळा करा, आई आणि पिल्लं मावतील एवढाच. मोठ्या जागेत पिल्लू अंधारात भरकटतं. बाहेरचा लाईट आत येत असेल तर तोही बंद करा, पिल्लं उजेडाकडे जातात आणि आई अंधारात बसलेली असते.

हे सगळं नीट असूनही गारठा लागतोय तर आईकडे बघायची वेळ आली. रात्री दोन-तीनदा टॉर्च मारून बघा, ती बसलेली आहे की उभी. उभी असेल, सारखी पाय बदलत असेल, अंग खाजवत असेल तर लाल माईट असायची शक्यता मोठी. हे किडे दिवसा फटीत लपतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात, म्हणून दिवसा आईच्या अंगावर शोधून काही सापडत नाही. रात्री खुराड्याच्या सांध्यात, फळ्यांच्या खाली, घरट्याच्या कडेला टॉर्च लावून बघा, पांढरा कागद फटीवर घासला की लाल रेघा उमटल्या तर तेच. आई रात्रभर अस्वस्थ राहते, उठते, आणि खालची पिल्लं उघडी पडतात. जास्त झाले तर पिल्लांचंही रक्त पिऊन त्यांना अशक्त करतात. उपाय म्हणजे आधी जागा बदला, जुना पेंढा सगळा जाळा, खुराड्याच्या फटी उकळत्या पाण्याने आणि मग औषधाने साफ करा, पण कुठलं औषध आणि किती हे व्हेटला विचारूनच, पिल्लं असताना अंदाजाने पावडर फवारू नका.

दुसरं म्हणजे नर. पिल्लं निघाली की बऱ्याच जणांच्या कळपात नर आईच्या मागे लागतो, ती पळते, पिल्लं विखुरतात, आणि संध्याकाळपर्यंत ती एवढी वैतागलेली असते की नीट बसतच नाही. इतर बदकिणीही पिल्लांना चोची मारतात. जाळीपलीकडे ठेवा सगळ्यांना, एकमेकांना दिसत राहतील तर नंतर परत मिसळायला सोपं जातं.

तिसरं, आईची पिसं. खुडूक बसलेली बदकीण महिनाभर घरट्यातून दिवसाला थोडाच वेळ उठते, आणि त्या वेळात तिला नीट अंघोळ करायला मिळाली नाही, नुसतं चिखलाचं पाणी मिळालं, तर पिसं खराब होतात आणि पाणी धरायला लागतात. अशी आई पावसात भिजून आली की तिचं पोटच ओलं, मग ती पिल्लांना काय सुकवणार. तिच्यासाठी एक उंच काठाचा टब वेगळा ठेवा, ज्यात ती चढू शकते आणि पिल्लं अजिबात नाहीत, ती दुपारी अंघोळ करते, अंग झटकते, चोचीने पिसांना अंगचं तेल लावते आणि कोरडी होऊन परत येते. छोटी गोष्ट आहे पण फरक पडतो.

पिल्लं जास्त झाली तर? आईच्या आकारावर आहे. मध्यम बदकीण दहा-बारा पिल्लं आरामात झाकते, कॉल डकसारखी छोटी जात असेल तर बरीच कमी. पण पहिल्या आठवड्यात मावणारी पिल्लं तिसऱ्या आठवड्यात मावत नाहीत, ती भराभर वाढतात, आणि कडेची दोन-तीन रात्रभर अर्धी बाहेर राहतात. दुसऱ्या बदकीची किंवा मशीनमधली पिल्लं हिच्यात मिसळताना हे आधीच धरून चाला. रात्री टॉर्च मारून मागून बघा, शेपट्या बाहेर दिसतायत का. दिसत असतील आणि थंडी कडक असेल तर दोन-चार पिल्लं काढून घेण्यापेक्षा आईच्या दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या गठड्या लावा, म्हणजे कडेच्यांच्या पाठीला वारा लागत नाही आणि ती एकमेकांना चिकटून राहतात.

अजून एक कारण जे थंडीचं वाटतं पण नसतं. चार-पाच दिवसांनी एखादं पिल्लू मागे मागे राहायला लागतं, बसून बसून चालतं, पाय वाकडे, आणि मग तेच सकाळी गारठलेलं सापडतं. ते गारठलं कारण पोचलं नाही, पोचलं नाही कारण पायात जोर नाही, आणि पायात जोर नाही याचं नेहमीचं कारण नायसिनची, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाची कमतरता. बदकाच्या पिल्लाला खाद्याच्या किलोमागे साधारण ५५ मिलीग्रॅम नायसिन लागतं, कोंबडीच्या पिल्लाला त्यापेक्षा बरंच कमी, त्यामुळे कोंबडीच्या स्टार्टरवर, म्हणजे लहान पिल्लांच्या तयार खाद्यावर वाढवलेल्या बदकांना ते कमी पडू शकतं. बदकांचं स्टार्टर मिळत असेल तर तेच द्या, नाहीतर कोंबडीच्या बिनऔषधी स्टार्टरमध्ये ब्रुअर्स यीस्ट मिसळा. लवकर लक्षात आलं तर पाय बऱ्यापैकी सुधारतात, उशीर झाला तर नाही. आणि नुसता भात, ब्रेड असलं काही पहिल्या आठवड्यात पोटभर घालू नका, प्रोटीन वीस टक्क्यांच्या आसपास लागतं त्यांना, खाण्यातूनच तर अंगात उष्णता तयार होते.

आता बल्बवाल्यांसाठी. आई असताना मी बल्बच्या विरोधात आहे. एक तर कोरडा पेंढा, लाकूड आणि अडीचशे वॅटचा बल्ब, एका बदकीने पंख फडकवून खाली पाडला की आग. दुसरं म्हणजे काही हीट बल्बच्या काचेवर पीटीएफईचं, म्हणजे नॉनस्टिक तव्याला असतं तसलं कोटिंग असतं, ते तापलं की निघणाऱ्या वाफेने पक्षी मरतात, बंद खुराड्यात तर हमखास. आणि तिसरं, पिल्लं आईऐवजी बल्बखाली झोपायला लागतात, मग लाईट गेली की त्या क्षणी त्यांच्याकडे काहीच नसतं. अगदीच हवं असेल, म्हणजे गोठवणारी थंडी आहे आणि पिल्लं जास्त आहेत, तर पायांवर उभी राहणारी हीट प्लेट, म्हणजे जिच्याखाली पिल्लं शिरून ऊब घेतात ती सपाट पाटी घ्या, आईच्या शेजारी ठेवा, समोर नाही.

गारठलेलं पिल्लू सापडलंच तर काय करायचं. मेलं असं लगेच धरून टाकून देऊ नका, पूर्ण गार, लुळं पडलेलं पिल्लूही कधीकधी परत येतं. पाय गार लागतील, त्यावर जाऊ नका, पोटाला हात लावा आणि चोचीच्या आत बोटाचं टोक लावून बघा, तेही गार असेल तर परिस्थिती गंभीर आहे. आधी मऊ कपड्याने टिपून कोरडं करा, चोळू नका. मग खोक्यात एका बाजूला कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी, तिथली ऊब ३२ ते ३५ अंश, आणि दुसरी बाजू मोकळी म्हणजे शुद्धीवर आलं की ते स्वतः सरकू शकतं. हेअर ड्रायर वापरायचा तर अगदी कमीवर, आणि मध्ये तुमचा हात ठेवून, हाताला चटका म्हणजे त्याला भाजणार. गरम होईपर्यंत तोंडात काहीही घालू नका. ही चूक सगळे करतात, दया येते, ड्रॉपरने साखरपाणी घालतात, आणि गार पिल्लाला गिळता येत नाही, ते फुफ्फुसात जातं. आधी ऊब, मग ते मान उचलून बघायला लागलं की चोचीचं टोक कोमट साखरपाण्यात बुडवायचं, ते स्वतः प्यायलं की मगच खाणं. साधारण तासाभरात हालचाल दिसते, नाही दिसली तर जास्त आशा नको.

बरं झालं की आईकडे परत कधी, तर शक्य तितक्या लवकर, त्याच दिवशी. बदकाची पिल्लं अंड्यात असतानाच आपल्या जातीच्या आईच्या आवाजाला प्रतिसाद देतात, गिल्बर्ट गॉटलिब नावाच्या संशोधकाने हे प्रयोग करून दाखवलं होतं, आणि एकहार्ड हेस यांच्या मॅलार्डवरच्या प्रयोगांत पिल्लं निघाल्यावर १३ ते १६ तासांच्या सुमाराला आईचा शिक्का सगळ्यात पक्का बसतो असं दिसलं. म्हणजे पहिल्या दिवशीच पिल्लू घरात आणून तुमच्याच मागे मागे फिरवलंत तर ते तुम्हाला आई समजून बसेल. खोका शक्यतो अशा ठिकाणी ठेवा की आईचा आवाज त्याला ऐकू येईल, आणि एकटं ठेवू नका, सोबत एक तगडं पिल्लू ठेवा. परत देताना अंधारात, आई झोपेत असताना मागच्या बाजूने पोटाखाली सरकवा, आणि सकाळी उजाडताना तिथे हजर राहा. आई चोच मारून लांब करत असेल तर लगेच काढा, नुसती हुंगल्यासारखी चोच लावून सोडून देत असेल तर जमलं.

तिसऱ्या आठवड्यात पिसांचे कोंब दिसायला लागतात, पण पूर्ण पिसं यायला सात ते नऊ आठवडे आणि मस्कोव्हीला त्याहूनही जास्त, तोपर्यंत थंड पावसात संध्याकाळी मोकाट सोडू नका. आणि जात बघा, पेकिन, रनर, खाकी कॅम्पबेल यांच्यात खुडूक बसायची सवय कमीच, बसल्या तरी मध्येच उठून जातात, मस्कोव्ही मात्र या बाबतीत पक्की. सलग दोन रात्री तुमची बदकीण पिल्लांवर बसलीच नाही, वर लिहिलेलं सगळं तपासूनही, तर वाट बघू नका, सगळी पिल्लं एकदम काढून ब्रूडरमध्ये घाला, थोडी इकडे थोडी तिकडे नको, कारण मग आई उरलेल्यांना शोधत ओरडत फिरते आणि जी आहेत त्यांच्यावरही बसत नाही.